गाडीत काही नाही

मिस्त्रीने आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नाहीत. एक, दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या गाडीची स्तुती. आणि दुसरी, गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं पाकीट फोडून आतलं वाचणं. पाकिटं महिन्याला पाच-सात तरी यायची. जाड, गुळगुळीत, कोपऱ्यात निळं चिन्ह. आत काय असणार हे त्याला न फोडताच ठाऊक होतं. आमच्याकडे या, आमच्याकडे गाडी धुऊन मिळेल, आमच्याकडे गार हवेत बसून कॉफी मिळेल. थोडक्यात, त्या कळकट मिस्त्रीकडे जाऊ नका. "आपली निंदा आपणच कशाला वाचायची?" असं म्हणून तो पाकीट पालथं घालायचा, कोपरा फाडायचा आणि खोललेल्या गाडीचे स्क्रू त्यात टाकायचा. वर पेन्सिलीने लिहायचा: 'दंतवैद्य, मागचा दिवा.' 'पाववाला, डावं दार.' वीस वर्षांत त्याच्या गॅरेजात एक स्क्रू हरवला नव्हता, आणि हे तो येईल त्याला ऐकवत असे.

कारागीर मात्र अस्सल होता, हे त्याच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून तो पट्टा घासतोय की बेअरिंग गेलंय ते सांगायचा. आणि एकदा का त्याने गाडीला फेरी मारून, हात पुसून "गाडीत काही नाही" असं म्हटलं, की विषय संपला. जुनी गाडी बाळगणारे लोक खरं तर हे तीन शब्द ऐकायलाच त्याच्याकडे यायचे.

घरी त्याची बायको, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी बारकी. एवढाच त्याचा गोतावळा. बारकी म्हणजे त्याची बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई-वडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. ग्रीसने बरबटलेल्या हातांनी त्याने तिच्या वेण्या घातल्या, शाळेत त्यावरून पोरींनी तिला चिडवलं, आणि तिने त्या पोरींना ठणकावून सांगितलं की माझ्या दादाला जगातली कुठलीही वस्तू दुरुस्त करता येते. पुढे ती अडतीस वर्षांची झाली, केसांत पांढरी रेघ आली, तरी हे मत तिने बदललं नाही. तिच्यात दोष म्हणाल तर हाच, दुसरा सांगण्यासारखा नव्हता.

बारकी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची. एका संस्थेची नोकरी, रोजची सात घरं. अंग पुसायचं, कूस बदलायची, गोळ्या द्यायच्या, सुई टोचायची, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे बसून दोन शब्द बोलायचं. ही माणसं उठून दार उघडणारी नव्हती, त्यामुळे घरांना बाहेरून कुलूप आणि चाव्या बारकीकडे. पुढचं दार, मागचं दार, जिन्याचं दार, औषधाचं कपाट. सात घरांच्या मिळून एकोणीस चाव्या. प्रत्येक चावीला तिने कापडाची चिंधी शिवली होती आणि चिंधीवर नाव न घालता खूण लिहिली होती. 'डावा कान', म्हणजे या घरात डाव्या कानाशी बोलायचं. 'मांजर', म्हणजे दार उघडताना ते निसटतं. 'आधी बोल', म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी आवाज दे, नाहीतर म्हातारी दचकते.

संस्थेचा नियम कडक. चाव्या अंगावेगळ्या करायच्या नाहीत, कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. एकदा तारेची कडी उलगडून सगळ्या चाव्या जिन्यात सांडल्या, तेव्हा मिस्त्रीने एका जुन्या बेअरिंगची पोलादी कडी कापली, घासली, तिला चाप बसवला आणि जुडगा करून दिला. हातात घेतला तर मनगट खाली जाईल असा. "आता तू तुटशील, पण ही कडी तुटायची नाही," तो म्हणाला. बारकीने त्याच कडीत गाडीची चावीही ओवून टाकली, म्हणजे काही विसरायलाच नको.

गाडीही त्यानेच शोधून दिलेली. बारा वर्षांची, तीन मालकांच्या हातून गेलेली, छोटी, चौकोनी. बारकीने तिचं नाव ठेवलं काडेपेटी. जुन्या गाडीची जी म्हणून दुखणी असतात ती सगळी काडेपेटीला होती. मागचं दार गुडघा लावल्याशिवाय बंद व्हायचं नाही. क्लचची तार दर सहा महिन्यांनी ताणावी लागायची. काच खाली गेली की तिला वर आणायला तिची समजूत काढावी लागायची. इंजिनाखालची रबरं इतकी झिजलेली की उभ्या गाडीतही दातावर दात आपटत. मिस्त्रीने एकेक दुखणं निस्तरलं. कागदपत्रांवर पत्ता मात्र गॅरेजचा घातला, कारण बारकी दर दोन वर्षांनी खोली बदलायची. "गाडीचं काही आलं तर माझ्याकडे येईल," तो म्हणाला. "तुला काय कळणार त्यातलं?"

पहिल्यांदा तक्रार घेऊन आली ती हसतच.

"दादा, काडेपेटी मध्येच विझते रे."

"विझते म्हणजे?"

"चालता चालता बंद. काल शाळेसमोरच्या गतिरोधकावरून गेले आणि गप्प. डॅशबोर्डचे सगळे दिवे विझले, स्टिअरिंग दगडासारखं झालं. आणि गंमत सांगू? गाणं चालूच! गाडी मेल्याचा रेडिओला पत्ताच नाही. चावी मागे घेऊन परत फिरवली तर लागलीच सुरू."

मिस्त्रीने हे सगळं ऐकलं, पण बहिणीने सांगितलेलं म्हणून ऐकलं. हेच एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाने सांगितलं असतं तर त्याने शब्द शब्द तोलला असता. दिवे विझले आणि गाणं चालू राहिलं, यात गंमत करण्यासारखं काही नाही हे त्याच्या ध्यानात आलं असतं. तो म्हणाला, "बॅटरीचं टोक सैल असेल. ठेव गाडी."

बारकीने पोलादी चाप उघडला, गाडीची चावी एकटी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि जुडगा पुन्हा पिशवीत टाकला. "बाकीच्या माझ्याकडेच राहू देत. लोकांची घरं आहेत."

"शहाणी आहेस," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच तिचा अभिमान वाटला.

त्याने बॅटरीच्या टोकांवर आलेला पांढरा क्षार खरवडला, टोकं आवळली. मग त्या एकुलत्या एक चावीवर गाडी सुरू करून शाळेसमोरच्या गतिरोधकावरून पंधरा वेळा नेली. शाळेचा पहारेकरी बाहेर येऊन बघायला लागला. काडेपेटी एकदाही खोकली नाही. "गाडीत काही नाही," त्याने संध्याकाळी सांगितलं.

दहा दिवसांनी बारकी परत आली. या वेळी वळणावर विझली होती. चावी काढून दिली, जुडगा पिशवीत. मिस्त्रीने पेट्रोलचा पंप बदलला, टाकी धुतली, नळ्या फुंकून पाहिल्या. पुन्हा गतिरोधक, पुन्हा वळण, पुन्हा तो चढ आणि तो उतार. गाडी अशी पळाली की जणू कालच कारखान्यातून आली आहे. रोग घरी आणि वैद्याच्या दारात ठणठणीत, असं ते दुखणं. मिस्त्रीला मनातून राग यायला लागला, आणि खरं सांगायचं तर तो गाडीवरचा राग नव्हता.

तिसऱ्या खेपेला त्याने स्टिअरिंगखालची पट्टी खोलली. सात स्क्रू निघाले. त्याने फळीवरच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं पाकीट ओढलं, त्याच सकाळी आलेलं. पालथं घातलं, कोपरा फाडला, स्क्रू आत सोडले, वर लिहिलं 'बारकी'. दोन दिवस तो त्या तारांमध्ये डोकं घालून बसला. एकेक तार हाताने ओढून पाहिली. चावी शंभर वेळा फिरवली. काही सापडलं नाही. पट्टी न लावताच त्याने गाडी बाहेर काढली. परत आलीच तर पुन्हा खोलायला नको. पट्टी आणि पाकीट फळीवर राहिलं.

बारकी गाडी न्यायला आली तेव्हा दमलेली होती. दोन दिवस ती सात घरं पायी फिरली होती.

"दादा, एक करशील? एकदा माझ्या शेजारी बसून बघ. सकाळच्या फेरीला चल माझ्याबरोबर. तुझ्यासमोर विझेल ती, बघच तू."

"तुझ्या शेजारी बसून मी काय गाणी ऐकू? इथे चार गाड्या पोटं फाडून पडल्यात."

"एकच दिवस रे."

"बारके, खरं सांगू का?" त्याने हात पुसले. "गाडीत काही नाही. तुझा पाय क्लचवर नीट पडत नाही. लक्ष अर्धं गाण्यात, अर्धं त्या म्हाताऱ्यांत. गाडी बंद पडत नाही, तू ती पाडतेस."

"असेल. तू म्हणतोस तर असेल रे." बारकीने गाडीची चावी पोलादी कडीत अडकवली, चाप दाबला, आणि गेली.

त्यानंतर पाच आठवडे एकही तक्रार आली नाही. सुटीच्या दिवशी ती जेवायला यायची, हसायची, म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगायची. गाडीचं नाव नाही. मिस्त्री एकदा बायकोला म्हणालासुद्धा, "बघ. एकदा स्पष्ट सांगितलं तर पाय कसा सुधारला."

सहाव्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला तेव्हा तो पाववाल्याच्या गाडीखाली आडवा होता. फोन बायकोचा होता आणि तिला धड बोलता येत नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळचा उतार. उताराच्या तोंडाशी गतिरोधक, उताराच्या पायथ्याशी वळण. वळणाला दगडी भिंत. काडेपेटी वळलीच नाही.

तो रुग्णालयात पोचला तोवर साडेदहा झाले होते, आणि बारकी दहा वाजून वीस मिनिटांनीच गेली होती. दहा मिनिटांनी चुकामूक झाली. एका तरुण डॉक्टरीणबाईने छातीच्या माराबद्दल काहीतरी सांगितलं. एअरबॅग उघडली नाही का, असंही तिने विचारलं, आणि मिस्त्रीने ऐकलंच नसल्यासारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारकीचा चेहरा तसाच होता. फक्त एक भुवई थोडी वर गेलेली, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि त्याच्या बोटाचं काळं तिच्या कपाळाला लागलं. ते त्याने पुसायला घेतलं तर आणखी पसरलं. तेव्हा तो लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला.

दुपारी संस्थेतल्या बाईंचा फोन आला. बारकीला कामं वाटून देणाऱ्या त्या बाई.

"मिस्त्री, आज हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटते. पण तिची तीनच घरं झाली होती. चार माणसं सकाळपासून कुलपात आहेत. एकांची इंजेक्शनची वेळ टळली आहे. चाव्या गाडीतच राहिल्यात आणि पोलीस म्हणतात, घरच्या माणसालाच देऊ."

"दुसऱ्या चाव्या नाहीत?"

"नातेवाइकांकडे आहेत. ते सगळे दूरगावी. तुम्ही नुसती दारं उघडा, दुसरी बाई तुमच्या मागोमाग येतेच आहे. आणि मिस्त्री, त्यांना आत्ता काही सांगू नका. त्यांची सकाळ तिच्यापासून सुरू होते. मी स्वतः जाऊन सांगेन."

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जा. तिने तेच केलं असतं." तो गेला.

पोलीस ठाण्यामागच्या आवारात मोडक्या गाड्यांच्या रांगेच्या शेवटी काडेपेटी उभी होती. उजवी बाजू आत गेलेली, दार कापून काढलेलं. मागचं दार, जे गुडघ्याशिवाय कधी बंद व्हायचं नाही, ते मात्र घट्ट बंद होतं. आवारावरच्या पोलिसाने कागद पुढे केला.

"इथे सही करा आणि जुडगा काढून घ्या. फोटो झालेत. चावीला आम्ही हात लावलेला नाही." मग काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "चमत्कारिक गाडी हो. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन बंद, दिवे बंद, आणि रेडिओ चालू. कुणीतरी गात होतं आतमध्ये. शेवटी मीच बटण दाबून बंद केला."

मिस्त्रीच्या हातातलं पेन थांबलं.

त्याने कापलेल्या दारातून आत वाकून पाहिलं. पट्टी नव्हती, त्यामुळे तारा तशाच लोंबत होत्या, त्याने सोडल्या होत्या तशा. चावी स्विचमध्ये होती. ती बंदवर नव्हती आणि चालूवरही नव्हती. ती त्या दोहोंच्या मधल्या घरात होती. त्या घरात इंजिन चालत नाही, फक्त रेडिओ लागतो. आणि चावीखाली एकोणीस चाव्या, एकोणीस चिंध्या आणि त्याच्या हातची पोलादी कडी लोंबत होती.

बॅटरी डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे वाचली होती. त्याने चावी पुढे फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले. त्याने हात काढला आणि मुठीने खालून एकच ठोसा दिला, गतिरोधकावर चाक आपटावं तेवढाच. जुडगा उसळला, खाली आला, आणि चावी टक् करून मागच्या घरात गेली. दिवे विझले. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा ठोसा दिला. टक्. तिसऱ्यांदा नुसता जुडग्याला बोटाने झोका दिला. टक्. आतला खटका झिजून मऊ झाला होता; त्याला फक्त वजन हवं होतं.

मग त्याने चाप उघडून गाडीची चावी एकटी ठेवली आणि ठोसे मारले. हाताची सालटी निघेपर्यंत मारले. एकटी चावी तसूभरही हलली नाही.

"अहो, काय करताय?" पोलीस धावत आला.

मिस्त्री स्टिअरिंगकडे बघत मनातल्या मनात एकेक जोडत गेला. इंजिन बंद, म्हणून स्टिअरिंग दगड. ब्रेक एक-दोन दाबांपुरता, मग तोही दगड. आणि चावी मधल्या घरात गेली की एअरबॅगही झोपते. स्टिअरिंगच्या पोटात ती अजून घडी घातलेलीच होती, कोरी. तीन वेळा बारकीने चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली होती, आणि तीन वेळा रोगाचं मूळ पिशवीत घालून ती दोन पावलांवर उभी राहिली होती. एकदाच शेजारी बसला असता, तर पहिल्या वळणाला त्याला कळलं असतं. त्याने शेजारी बसायला नकार दिला होता.

घरांचे पत्ते बाईंनी फोनवर पाठवले होते, पण त्याची स्वतःची गाडी गॅरेजात होती म्हणून तो आधी तिकडे गेला. आत शिरताच समोरच्या फळीवर काडेपेटीची पट्टी दिसली, आणि तिच्यावर पाकीट. 'बारकी.' आपल्याच अक्षराकडे तो बघत राहिला. मग पाकीट उचललं, उलटं केलं. दर्शनी बाजूला निळं चिन्ह होतं आणि त्याखाली, गॅरेजच्या पत्त्यावर, बारकीचं पूर्ण नाव छापलेलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कंपनीचं पाकीट फोडलं. सात स्क्रू जमिनीवर पडले आणि गाड्यांखाली घरंगळत गेले. आत एकच कागद होता, घडी न मोडलेला.

'आपल्या वाहनाच्या किल्लीच्या स्विचमध्ये सदोष भाग बसवला गेल्याचे आढळून आले आहे. धक्का बसल्यास अथवा किल्लीवर भार असल्यास चालत्या वाहनाचे इंजिन बंद पडू शकते व अशा वेळी एअरबॅग उघडणार नाही. हा भाग कोणत्याही केंद्रावर विनामूल्य बदलून मिळेल. तोपर्यंत कृपया वाहनाची किल्ली एकटीच वापरावी. तिला अन्य किल्ल्या, कडी अथवा कोणतीही वस्तू अडकवू नये.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. या माणसाच्या काखेत कळसा नव्हता, बहिणीचा जीव होता. आणि तो दोन दिवस, त्या स्विचपासून वीतभर अंतरावर डोकं घालून, कंपनीला शिव्या देत तारा ओढत होता. त्याने कागद पुन्हा वाचला. 'कृपया' या शब्दावर त्याचं काळं बोट थांबलं. ज्यांना तो जन्मभर लुटारू म्हणत आला त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, आणि त्याने त्यात स्क्रू भरले होते.

त्याला गॅरेजचं दार आतून लावून तिथेच पडून राहावंसं वाटलं. पण चार माणसं कुलपात होती.

पहिल्या घरात त्याने 'डावा कान' लावला. आत एक निवृत्त मुख्याध्यापक उताणे पडले होते, ओठ सुकलेले. मिस्त्रीने वाकून डाव्या कानात सांगितलं, बाई येताहेत सुई घेऊन. "आणि आमची मुलगी?" त्यांनी विचारलं. त्याने पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. दुसऱ्या घरात मांजर त्याच्या पायांतून निसटलं, कारण तो चिंधी वाचायला विसरला होता. जिन्यातून त्याला पकडून आणता आणता त्याला धाप लागली. तिसऱ्या घरातला म्हातारा झोपेत होता, ते बरं झालं.

चौथं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. चिंधीवर 'आधी बोल'. त्याने कुलपात चावी घातली, जुडगा दारावर खणखणला, आणि आतून लगेच आवाज आला. पातळ, पण आनंदी.

"आलीस का गं? केवढा उशीर! सकाळपासून कान लावून बसलेय त्या चाव्यांच्या आवाजाला."

दार उघडलं. खाटेवर एक अगदी लहानखुरी म्हातारी होती, डोळ्यांवर दुधाळ पडदा. तिने दाराकडे तोंड वळवलं होतं आणि हसत होती. मिस्त्रीला आवाज द्यायचा होता. आवाज फुटला नाही.

"परत विझली वाटतं तुझी काडेपेटी? बोलू नकोस, आधी बस, दम खा. या आठवड्यातली ही तिसरी वेळ. परवा त्या टाकीच्या उतारावर विझली म्हणालीस, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. म्हटलं होतं ना मी, दादाला सांग?"

मिस्त्री उंबऱ्यातच उभा राहिला.

"तर म्हणे नको. त्याला वाटेल मी त्याच्या कामाला नावं ठेवते. तो म्हणतो गाडीत काही नाही म्हणजे नाही, माझाच पाय चुकत असेल." आजीने सुस्कारा टाकला. "रोज खुर्चीत बसून पाय दाबायचा सराव करतेस वेडे, मला काय ऐकू येत नाही? टाच टेक, पंजा दाब, टाच टेक, पंजा दाब. अगं, तुझा पाय चांगला आहे. बोल की काहीतरी."

"आजी," तो म्हणाला. आवाज घोगरा आला, आणि म्हातारी दचकली. चिंधीवर लिहिलं होतं, तरीही. "घाबरू नका. मी तिचा दादा."

आजीचा चेहरा असा उजळला की मिस्त्रीला खाली बघावं लागलं.

"तू? मिस्त्री? आलास होय तिच्याबरोबर! शेवटी ऐकलंस तिचं!" तिने चाचपडत हात पुढे केला. "फार चांगलं केलंस रे बाबा. तेवढंच म्हणते ती पोर. दादा एकदा माझ्या शेजारी बसला ना, की त्याला लगेच सापडेल. त्याच्या हाताखालून काही सुटत नाही, म्हणते." आणि मग, दाराकडे कान करून, "खाली गाडी लावतेय का ती? येऊ दे सावकाश. तू ये. बस इथे."

जिन्यात पावलं वाजत होती, पण ती दुसऱ्या बाईंची होती. मिस्त्री पुढे गेला, जुडगा मांडीवर घट्ट धरून ठेवला, म्हणजे त्याचा आवाज होऊ नये, आणि आजीच्या शेजारी बसला.